ओळख नाही, खोली नाही... इंटर्नशिप कुठून?

फेब्रुवारी उजाडला की आपल्या हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये एकच विषय सुरू होतो. मेकॅनिकलवाले एमआयडीसीतल्या कारखान्यांची नावं घोकत असतात. सिव्हिलवाल्यांना कुठल्यातरी साइटवर हेल्मेट घालून उभं राहायचे वेध लागलेले असतात. कॉम्प्युटरवाले तर खोलीतली कॉटही न सोडता कुठल्याशा कंपनीत 'जॉइन' झालेले असतात! आणि आम्ही बायोटेक्नॉलॉजीवाले? आम्हाला दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला, "तुम्ही लोक नक्की करता काय रे?" आणि दुसरा, "अजून बेडूक कापता का?"

बेडूक कापत नाही हो! पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आमचीही जरा चाचपड होते, हे खरं. कारण आम्ही नक्की काय करतो हे कळायला आधी कुणीतरी ते काम करताना बघावं लागतं, स्वतः करून पाहावं लागतं. आणि नेमकी तीच संधी आम्हाला मिळत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर इंटर्नशिपचा बोलबाला सगळीकडे वाढला. पूर्वी ती 'केली तर बरी' होती, आता तिला क्रेडिट आहेत, फॉर्म आहेत, सही-शिक्क्याची डायरी आहे. म्हणजे इंटर्नशिप करायची सक्ती आली, पण मिळायची सोय काही आली नाही. जेवणाची वेळ ठरली, मेस मात्र बंद, असा हा प्रकार आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. जीवशास्त्राच्या अंगाने शिकणाऱ्या मुलामुलींना, मग ती आमच्यासारखी बी.टेक.ची असोत की शेजारच्या कॉलेजातली बी.एस्सी.ची, इंटर्नशिप मिळत नाही याचं मुख्य कारण कमी मार्क हे नाही. कारणं तीन आहेत : वेळापत्रक, ओळख आणि खोली. यातल्या एकाही गोष्टीचा हुशारीशी संबंध नाही. आणि तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी आपल्या कॉलेजच्या हातातल्या आहेत. कशा, ते सांगतो.

पण त्याआधी, 'तुम्हालाच का एवढा त्रास?' या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. कारण आमची टी.पी.ओ. मंडळीसुद्धा कधीकधी हे विचारतात.

कॉम्प्युटरच्या मुलाला लॅपटॉप आणि इंटरनेट दिलं की त्याचं काम सुरू होऊ शकतं. त्याचा प्रोग्रॅम चुकला तर तो पुन्हा चालवतो, नुकसान शून्य. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सगळ्यात आधी लागते ती जागा. एका बाकावर दोन जण काम करत असतील तर तिसऱ्याने उभं कुठे राहायचं? मग येतो खर्च. उणे २० अंशांच्या फ्रीजरमधली एन्झाइमची इवलीशी बाटली नवशिक्याने टेबलावर विसरली तर हजारो रुपये पाण्यात जातात. आणि तिसरी गोष्ट म्हणजे वेळ. सजीवांना आपल्या सबमिशनची घाई नसते! ई. कोलाय जिवाणू ३७ अंशांना, चांगलं खायला मिळालं तर, २० मिनिटांत दुप्पट होतात. माणसाच्या पेशी वाढवायच्या तर त्यांना दुप्पट व्हायला साधारण एक दिवस लागतो. आणि वनस्पतीचा तुकडा माध्यमावर ठेवला तर त्यातून काही उगवलेलं दिसायला तीन-चार आठवडे वाट पाहावी लागते. आता आठ आठवड्यांच्या सुट्टीतले पहिले दोन आठवडे पिपेट धरायला आणि निर्जंतुक हाताळणी शिकायला गेले, तर मागे उरतं काय? म्हणून शास्त्रज्ञ मंडळी 'नको' म्हणतात. ते खडूस असतात म्हणून नव्हे.

औषधं आणि लसी बनवणाऱ्या कंपन्यांचं तर आणखी वेगळं. तिथला जो भाग बघण्यासारखा, तिथेच बाहेरच्याला बंदी! हवा गाळून घेतलेली, माणूस आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला, प्रत्येक हालचालीची नोंद. महिन्याभरासाठी आलेल्या पोराला तिथे सोडलं आणि एखादी बॅच बिघडली, तर जबाबदार कोण? मग इंटर्न म्हणून घेतलेल्या मुलाला बसवतात कागदपत्रांच्या खोलीत. तो महिनाभर फायलींना नंबर घालतो आणि सर्टिफिकेट घेऊन परत येतो.

मागणी भरपूर आणि जागा थोड्या अशी स्थिती झाली की मधे दलाल उगवतात, हा बाजाराचा नियमच आहे. आमच्याही शाखेत तो खरा ठरलाय. एप्रिल-मेमध्ये व्हॉट्सॲपवर जाहिराती फिरायला लागतात : १५ दिवसांत डीएनए वेगळा करणं, पीसीआर, टिश्यू कल्चर, क्लोनिंग, सगळं शिका, 'इंटर्नशिप सर्टिफिकेट' मिळवा, फी अमुक हजार, लवकर नाव नोंदवणाऱ्याला सवलत! हॉस्टेलमधली मुलं घरी फोन करतात. घरचे सोयाबीनच्या पैशातून किंवा भिशीतून फी पाठवतात. १५ दिवस वीस-वीस जणांच्या घोळक्यात एक जण करतो आणि बाकीचे बघतात. जेलवर डीएनएची पट्टी दिसली की सगळे मोबाइलवर फोटो काढतात. झाली इंटर्नशिप!

पैसे देऊन काही शिकण्यात गैर आहे असं मी म्हणत नाही. ड्रायव्हिंग स्कूललाही आपण फी देतोच की. काही सरकारी संस्थासुद्धा प्रशिक्षणार्थींकडून ठरावीक शुल्क घेतात, पण त्याचा नियम जाहीर असतो आणि पावती मिळते. माझा आक्षेप नावाला आहे. शिकवणीला शिकवणी म्हणा. तिला इंटर्नशिप म्हणू नका, आणि कॉलेजने तिला इंटर्नशिपचे क्रेडिट देऊ नयेत. खरी इंटर्नशिप ओळखायची एक सोपी कसोटी आहे. ज्या प्रयोगाचं उत्तर शिकवणाऱ्याला आधीच माहीत असतं, ते प्रॅक्टिकल. ज्याचं उत्तर अजून कुणालाच माहीत नसतं आणि ते शोधण्याच्या कामातला एक छोटासा तुकडा तुमच्या वाट्याला येतो, ती इंटर्नशिप. मग तो तुकडा काचेच्या बाटल्या धुऊन १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करण्याचा का असेना!

आता वळूया त्या तीन कारणांकडे.

पहिलं, वेळापत्रक. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या, म्हणजे बेंगळुरूची, दिल्लीची आणि प्रयागराजची, मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. साधारण दोन महिने देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर काम करायचं आणि वर विद्यावेतन घ्यायचं. फी भरायची नाही, उलट मिळायचे! पण त्याचे अर्ज कधी भरायचे असतात? दिवाळीच्या आसपास. म्हणजे उन्हाळ्याच्या सहा-सात महिने आधी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची उन्हाळी योजना आहे, बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्राची आहे. त्यांचेही अर्ज हिवाळ्यातच मागवले जातात. कोणत्या वर्षाच्या मुलांना चालतं, कोणत्या शाखेला चालतं, हे प्रत्येकाचं वेगळं असतं आणि ते वाचून बघावं लागतं. आणि आपल्याकडे? आपल्या नोटीस बोर्डावर 'इंटर्नशिपबाबत सूचना' लागते ती फेब्रुवारीत. तोवर एस.टी. निघून गेलेली असते, आपण मात्र फलाटावर तिकीट विचारत उभे!

इथे सर आणि मॅडम लोकांसाठीही एक गोष्ट मुद्दाम सांगतो. अकादम्यांची ही फेलोशिप फक्त विद्यार्थ्यांसाठी नाही, शिक्षकांसाठीही आहे. आपल्या विभागातून दरवर्षी एक जरी सर किंवा मॅडम दोन महिने एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत जाऊन आले, तर परत येताना ते ओळखी घेऊन येतील, आणि पुढच्या वर्षी त्या ओळखींचा उपयोग साठ मुलांना होईल. एका दगडात दोन पक्षी म्हणतात ते हेच.

दुसरं कारण, ओळख. 'तुझं कसं काय जमलं?' असं इंटर्नशिप मिळालेल्याला विचारा. दहातल्या बहुतेकांच्या गोष्टीत एक काका निघतो! काका संस्थेत असतो, नाहीतर काकांचा मित्र असतो, नाहीतर आत्याच्या सोसायटीत एक शास्त्रज्ञ राहतात. ज्याला असा काका नाही त्याने काय करावं? माझ्या वर्गात अशी मुलं आहेत ज्यांच्या घरात ती पहिलीच इंजिनिअरिंगला आलेली. त्यांच्या काकांना बैलाचे दात बघून त्याचं वय सांगता येईल, पण ते प्रयोगशाळेत शब्द टाकू शकत नाहीत.

या संदर्भात मला डॉ. कमला सोहोनी यांची आठवण होते. दुर्गाबाई भागवत यांच्या या धाकट्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून पदवी घेऊन त्या बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेल्या. ओळखीचं म्हणाल तर वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेचे जुने विद्यार्थी! तरीही संचालक सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. कारण एकच, त्या मुलगी होत्या. कमलाबाई परत फिरल्या नाहीत. त्या ठाण मांडून बसल्या, कारण विचारत राहिल्या. अखेर एक वर्ष काम बघू आणि मग ठरवू, अशा अटीवर त्यांना आत घेतलं. पुढे त्या केंब्रिजला गेल्या, १९३९ मध्ये पीएच.डी. झाल्या, आणि विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. मायदेशी आल्यावर त्यांनी संशोधन कशावर केलं? डाळींवर आणि नीरेवर! गरिबाच्या ताटातल्या आणि पेल्यातल्या गोष्टींवर.

या गोष्टीतून दोन बोध घ्यावेत असं मला वाटतं. एक, ओळख असली तरी दार बंद असू शकतं, आणि चिकाटीने ठोठावलं तर ते उघडूही शकतं. दुसरा, पण तेवढाच महत्त्वाचा, की दार ठोठावणारा प्रत्येक जण कमलाबाई नसतो. सत्याग्रह केल्यावरच आत घ्यायचं, ही काही चांगली व्यवस्था नव्हे. आपण व्यवस्थेबद्दल बोलायला हवं.

ओळखीला पर्याय म्हणजे पत्र. पण पत्र कसं? आमची मुलं 'रिस्पेक्टेड सर/मॅडम' असा एकच मेल दोनशे शास्त्रज्ञांना एकदम पाठवतात. त्यात लिहिलेलं असतं की मी मेहनती आहे आणि तुमच्या नामवंत संस्थेत काम करणं हे माझं स्वप्न आहे. समोरचा माणूस पहिल्या ओळीतच ओळखतो की हे लग्नाच्या छापील पत्रिकेसारखं आहे, नाव फक्त वर टाकलंय! त्याऐवजी दहाच जण निवडा. प्रत्येकाचा एखादा शोधनिबंध काढा. सगळा नाही कळला तरी सारांश आणि आकृत्या बघा. मग दहा-बारा ओळींत लिहा : मी कोण, कितव्या वर्षाला, तुमच्या कामातलं मला काय कळलं आणि कोणता प्रश्न पडला, मला हाताने काय काय येतं, आणि अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत मी मोकळा आहे. येत नसेल ते येतं म्हणून लिहू नका. पहिल्याच दिवशी पिपेट हातात दिल्यावर सगळं उघड होतं! दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर नम्रपणे एकदा आठवण करा, आणि मग सोडून द्या. उत्तर न येण्यात अपमान वाटून घ्यायचं काही कारण नाही.

विद्यार्थ्याने एवढं करावं. पण पत्राचं वजन कॉलेजच्या पत्राने वाढतं. बहुतेक ठिकाणी विभागप्रमुखांचं किंवा प्राचार्यांचं ना-हरकत पत्र मागतात. ते पत्र आपल्याकडे कसं मिळतं? आधी अर्ज, मग क्लार्क, मग सर मीटिंगला, मग शिक्का दुसऱ्या कपाटात! तोवर समोरच्याने जागा दुसऱ्याला दिलेली असते. दोन दिवसांत पत्र, एवढा एक नियम केला तरी कितीतरी जणांचं भलं होईल.

आता तिसरं कारण. याबद्दल कुणीच बोलत नाही, आणि मला तर तेच सगळ्यात मोठं वाटतं. खोली!

महाराष्ट्रात जीवशास्त्राचं काम चालणाऱ्या मोठ्या संस्था कुठे आहेत बघा. १९४६ साली सुरू झालेली आणि आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था पुण्यात. १९५० ची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पुण्यात. १९५२ ची, आणि करोनाच्या काळात सगळ्यांना नावाने माहीत झालेली विषाणू संस्था पुण्यात. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र पुण्यात, २००६ ची आयसर पुण्यात. टाटा संस्था कुलाब्याला, हाफकिन परळला, कर्करोगाचं संशोधन केंद्र खारघरला. समजा, आपल्यापैकी कुणाला यातल्या एका ठिकाणाहून 'ये' असं उत्तर आलं. पुढे? दोन महिन्यांसाठी पुण्यात खोली कोण देतो? पेइंग गेस्टवाले डिपॉझिट मागतात, अकरा महिन्यांचा करार मागतात. मेसचे वेगळे, बसचे वेगळे. फी नसलेली इंटर्नशिपसुद्धा गावाकडच्या मुलाला परवडत नाही. पुण्यात घर असलेला मात्र सकाळी आईच्या हातचा डबा घेऊन जातो. त्याच्यावर माझा राग नाही. पण दोघांच्या बायोडेटात पुढे जो फरक पडतो, त्याला आपण 'गुणवत्ता' म्हणतो, याचा राग आहे.

मुलींचं तर आणखी अवघड. घरी सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "राहणार कुठे?" या प्रश्नाला धड उत्तर नसेल तर विषय तिथेच संपतो. आमच्या शाखेत निम्म्याहून जास्त मुली आहेत. तेव्हा हा प्रश्न कोपऱ्यातला नाही, अर्ध्या वर्गाचा आहे. कॉलेजच्या लेटरहेडवर 'विद्यार्थिनी अमुक हॉस्टेलमध्ये राहील' एवढं एक वाक्य असतं, तर कितीतरी बाबा लोकांनी होकार दिला असता.

आणि गंमत बघा, खोल्या नाहीत असं नाही! मे-जूनमध्ये पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजांची हॉस्टेलं कितीतरी रिकामी असतात. आपलंही रिकामंच असतं. परीक्षा संपली की रेक्टर सर दोन दिवसांत खोल्या खाली करायला लावतात, गाद्या गुंडाळल्या जातात आणि कॉरिडॉरमध्ये कबुतरं राहायला येतात. माझी सूचना अशी आहे की कॉलेजांनी आपापसांत हॉस्टेलची अदलाबदल करावी. आमची दहा मुलं-मुली तुमच्याकडे दोन महिने राहतील, तुमची दहा आमच्याकडे. नेहमीच्या दराने भाडं घ्या, ओळखपत्र घ्या, रात्रीच्या हजेरीची वही ठेवा. आमची काही हरकत नाही. आपल्या बाजूने एक विंग आणि एक मेस सुरू ठेवली की झालं. यासाठी ना सरकारी अनुदान लागतं ना नवी इमारत. लागतं दोन प्राचार्यांचं एकमेकांना पत्र, आणि एका वॉचमन काकांची दोन महिन्यांची ड्यूटी.

"तुमची मुलं इकडे येतील, पण इथे येऊन ती करणार काय?" असं कुणी विचारेल. हाच तर माझा पुढचा मुद्दा आहे. पुणे-मुंबईच्या बाहेर जीवशास्त्र नाही, हा समज आधी काढून टाकायला हवा.

राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत : राहुरी, अकोला, परभणी, दापोली. सोलापुरात डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. नागपुरात कापसाचं आहे, लिंबूवर्गीय फळांचं आहे, शिवाय पर्यावरणाचं काम करणारी नीरी आहे. राजगुरुनगरला कांदा-लसूण, मांजरीला द्राक्ष आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. बारामतीजवळ माळेगावला दुष्काळ, उष्णता यांसारख्या ताणांवर काम करणारी संस्था आहे. डाळिंबावरचा तेल्या रोग कसा पसरतो हा प्रश्न ज्याच्या घरची बाग त्या रोगाने गेली आहे त्या मुलाला जितका कळेल, तितका कुणाला कळणार?

मोठ्या संस्था सोडा. आपल्या कॉलेजपासून सायकलच्या अंतरावर दूध संघ आहे. तिथे रोज मिथिलिन ब्लूची चाचणी होते. दुधातल्या निळ्या रंगाला उडायला किती वेळ लागतो यावरून जंतूंचा अंदाज येतो. दूध नीट पाश्चराइझ झालं का हे फॉस्फेटेज या एन्झाइमवरून कळतं. आमच्या पुस्तकातला एन्झाइमचा धडा तिथे रोज सकाळी सात वाजता सुरू होतो! कोणत्या गावाच्या गाडीतल्या दुधाचा रंग पावसाळ्यात सगळ्यात लवकर उडतो, आणि का? याचं उत्तर आज कदाचित कुणाकडेच नसेल. वर सांगितलेल्या कसोटीला हा प्रश्न शंभर टक्के उतरतो.

साखर कारखान्याची डिस्टिलरी घ्या. तिथे यीस्ट मळीतल्या साखरेचं अल्कोहोल करतं, आणि मागे उरलेल्या सांडपाण्याचं काय करायचं ही सगळ्या कारखान्यांची डोकेदुखी असते. त्या पाण्याचा बीओडी मोजायला भारतीय पद्धतीने २७ अंशांना तीन दिवस लागतात. हे काम शिकून घेतलेला मुलगा पुढे कुठल्याही एमआयडीसीत उपाशी राहणार नाही. फक्त लक्षात ठेवा, कारखान्याचं गाळप हिवाळ्यात चालतं. मे महिन्यात जाल तर गव्हाण बंद आणि मजूर गावी गेलेले! म्हणजे इथे हिवाळ्याची सुट्टी वापरायला हवी. पुन्हा वेळापत्रकच!

आणि २०२० मध्ये करोनाच्या निमित्ताने राज्यात ठिकठिकाणी आरटी-पीसीआरच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, त्या आठवतात का? तेव्हा यंत्रं होती पण हात कमी पडत होते. आज ती यंत्रं कुठे आहेत, त्यांच्यावर काय काम चालतं, हे आपल्या विभागातून कुणी जाऊन विचारलंय का? विचारायला तर पैसे पडत नाहीत.

ज्याला कुठेच जाणं शक्य नाही, घरी कांदा काढायला थांबावंच लागतं, त्याच्यासाठीही एक वाट आहे. जीवशास्त्राचा मोठा भाग आता संगणकावर चालतो. जनुकांच्या क्रमवारीचा जेनबँक हा साठा १९८२ पासून, आणि प्रथिनांच्या रचनांचा साठा १९७१ पासून जमतोय. दोन्ही जगभर फुकट खुले आहेत. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल प्रथिनांच्या रचनेचं संगणकावर भाकीत आणि आरेखन करणाऱ्या तिघांना मिळालं. एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली, आठवड्यातून एकदा फोनवर बोलून, असा प्रकल्प होऊ शकतो. हॉस्टेलमधल्या कॉम्प्युटरवाल्या रूममेटला सोबत घेतलं तर त्यालाही कळेल की आम्ही नक्की काय करतो! मात्र एक सांगतो, ही वाट गरजेपुरती. पोहणं पुस्तक वाचून येत नाही तसं पेशी वाढवणं पडद्यावर बघून येत नाही.

या सगळ्यावर दोन आक्षेप घेतले जातील. काही सर म्हणतील, "दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पोरांना येतं काय? मोठ्या लॅबमध्ये कॉलेजचं नाव खराब करतील." सर, येत नाही म्हणूनच तर जायचं आहे! जाण्याआधी एक आठवडा आपल्याच लॅबमध्ये पिपेट, निर्जंतुक हाताळणी, द्रावणांची गणितं आणि नोंदवही लिहिणं यांची तयारी करून घ्या. जर्नलसारखी 'झेरॉक्स' नोंदवही नव्हे, चुकलेला प्रयोगही जिथे लिहायचा असतो ती खरी नोंदवही. मग नाव खराब होणार नाही.

दुसरा आक्षेप आमच्याच मित्रांचा. "शेवटी आयटीतच जायचंय ना, मग कशाला हा खटाटोप?" जायचं तर जा की! पण आठ आठवडे प्रयोगशाळेत काढून 'हे माझं काम नाही' असं कळलं, तर तेही कमाईच आहे. एम.टेक.ची दोन वर्षं किंवा पीएच.डी.ची पाच वर्षं घालवून ते कळण्यापेक्षा स्वस्त. आणि उलटंही होऊ शकतं. पहिल्यांदा स्वतः वाढवलेल्या पेशी मायक्रोस्कोपखाली बघितल्यावर आयटी विसरणारेही असतात.

तेव्हा कॉलेजकडे माझ्या चारच मागण्या आहेत. दसऱ्याच्या आधी विभागात उन्हाळ्याच्या इंटर्नशिपची सभा घ्या आणि अर्जांच्या तारखांचा तक्ता लावा. कोणता सिनिअर कुठे गेला, कुणाच्या हाताखाली, राहिला कुठे, खर्च किती आला, काम खरं होतं की फायलींचं, याची एक वही विभागात ठेवा, म्हणजे एकाची ओळख सगळ्यांची होईल. ना-हरकत पत्र दोन दिवसांत द्या. आणि मे-जूनमध्ये हॉस्टेलची एक विंग उघडी ठेवून निदान पुण्यातल्या एका कॉलेजशी अदलाबदल करून बघा. एक वर्ष प्रयोग करा, नाही जमला तर सोडून द्या. प्रयोग फसला तरी काही बिघडत नाही, हे आमच्या शाखेइतकं कुणाला माहीत असणार?

आणि मित्रमैत्रिणींनो, आपल्याकडूनही दोन गोष्टी व्हायला हव्यात. पैसे घेऊन सर्टिफिकेट वाटणाऱ्या जाहिराती पुढे ढकलणं बंद करा. आणि इंटर्नशिप करून आलात की ती माहिती गुलदस्त्यात ठेवू नका, त्या वहीत लिहा. ज्या मुलाचा कुणी काका नाही, त्याचा काका व्हायला तुमचं एक पानसुद्धा पुरेल.

बघा, पटतंय का. पटलं तर दसऱ्याची वाट न बघता उद्याच एक दोनशे पानी वही आणून विभागात ठेवू. वहीचे पैसे माझे!